वेल्समधला डोंगर कोणत्या यादीत बसतो? मोजणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत पाय घट्ट झालेली आपली बरीच मंडळी आज नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आहेत. सुट्टी मिळाली की कोणी कार्डिफहून पेन-अ-व्हॅन गाठतं, कोणी लिव्हरपूलहून एररीकडे, म्हणजे पूर्वीच्या स्नोडोनियाकडे निघतं. तिथे डोंगरांच्या याद्या पूर्ण करायचा नाद लवकर लागतो, आणि मग प्रश्न सुरू होतात. हा डोंगर कालपर्यंत यादीत नव्हता, आज कसा आला? त्याची उंची कोणी ठरवली? नेहमी कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

या याद्या सरकार करतं का?

नाही. ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची राष्ट्रीय नकाशा संस्था उंची छापते, पण अमुक डोंगर 'पर्वत' आणि तमुक 'टेकडी' असा शिक्का मारत नाही. याद्या केल्या त्या हौशी डोंगरभटक्यांनी. आधी निकष ठरवला, मग नकाशे टेबलावर पसरून एकेक डोंगर त्याला लावून पाहिला. वर्षानुवर्षं लोक त्या याद्या घेऊन फिरले, त्यातल्या चुका कळवत राहिले, आणि त्यातूनच त्या याद्यांना मान मिळाला.

वेल्ससाठी कोणत्या याद्या महत्त्वाच्या?

2000 फुटांवरच्या दोन याद्या सगळ्यांत जास्त चालतात. जॉन आणि अ‍ॅन नटॉल या दांपत्याच्या नावाची 'नटॉल' यादी: उंची 2000 फूट आणि उठाव, म्हणजे खिंडीपासून माथ्यापर्यंतची चढण (पुढे सविस्तर येईल), किमान 15 मीटर. दुसरी 'ह्युइट': उंची तीच, पण उठाव किमान 30 मीटर. ही अ‍ॅलन डॉसन यांची. त्यांचीच 'मॅरिलिन' यादी 1992 साली आली आणि तिने उंचीची अटच काढून टाकली. उठाव 150 मीटर असला की पुरे, मग डोंगर समुद्राकाठचा का असेना. 500 मीटरच्या वर पण 2000 फुटांच्या खाली असणारे आणि 30 मीटर उठाव असणारे ते 'ड्यूई'. सगळ्यांत प्रसिद्ध यादी मात्र वेल्सच्या 3000 फुटी शिखरांची. तिथली शिखरं परंपरेने 14 धरतात, काही जण 15.

याखेरीज मर्दिन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वेल्ससाठी आणखी याद्या केल्या आहेत, अगदी 300 आणि 400 मीटरच्या टप्प्यातल्या टेकड्यांच्यासुद्धा. माझ्या मते खरं कष्टाचं काम तिथे आहे. मोठ्या शिखरांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. मेंढ्यांच्या कुरणातली 320 मीटरची टेकडी कोण मोजायला जातो?

उठाव म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला प्रॉमिनन्स किंवा नुसतं ड्रॉप म्हणतात, ते. समजा तुम्ही एका माथ्यावर उभे आहात आणि तुम्हाला त्याहून उंच अशा कोणत्याही डोंगरावर जायचं आहे. सगळ्या वाटांमधून अशी वाट निवडा की कमीत कमी खाली उतरावं लागेल. त्या वाटेवरचा सर्वांत खालचा बिंदू ही त्या डोंगराची मुख्य खिंड. खिंडीपासून माथ्यापर्यंत जेवढी चढण, तेवढा त्याचा उठाव.

म्हणून डोंगराचं वर्गीकरण एका आकड्यावर ठरत नाही, दोन आकड्यांवर ठरतं: माथ्याची उंची आणि खिंडीची उंची. 700 मीटरचा डोंगर 2000 फुटांच्या बाबतीत निर्धास्त असतो, पण त्याची खिंड 671 मीटरवर निघाली तर उठाव 29 मीटर होतो आणि ह्युइट यादीतून त्याचं नाव जातं. माथ्यावर सगळे फोटो काढतात. खिंडीतल्या चिखलात मात्र कोणी थांबत नाही, आणि यादीतल्या बहुतेक उलथापालथी तिथेच होतात.

2000 फुटांची सीमा 610 मीटर की 609.6?

609.6. एक फूट म्हणजे बरोबर 0.3048 मीटर, म्हणून 2000 फूट म्हणजे 609.6 मीटर. '610' हे गोल केलेलं आहे. तसंच 3000 फूट म्हणजे 914.4 मीटर.

नकाशावर उंची छापलेली असते. मग पुन्हा मोजायची गरज काय?

नकाशावरचे सगळे आकडे एका पद्धतीने आलेले नसतात. काही उंच्या ट्रिग पिलरवरून घेतलेल्या आहेत. ट्रिग पिलर म्हणजे काँक्रीटचे ते चौकोनी, वर निमुळते होत जाणारे खांब. ब्रिटनमधला पहिला 1936 साली उभा राहिला, आणि ते ब्रिगेडियर मार्टिन हॉटिन यांच्या आराखड्याप्रमाणे बांधले गेले. पण खांब बांधला तो चारी बाजूंना नजर जाईल अशा सोयीच्या जागी. डोंगराचा सर्वांत उंच दगड वीस पावलांवर, दीड मीटर वर असू शकतो. खांबाची उंची बिनचूक आणि डोंगराची चुकीची, असं सर्रास आढळतं.

इतर कितीतरी उंच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढलेल्या आहेत. त्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे होणं हे त्या पद्धतीचं स्वरूपच आहे, हलगर्जीपणा नव्हे. आणि खिंडींना तर बहुधा आकडाच नसतो. दोन समोच्चरेषांच्या मध्ये खिंड कुठेतरी आहे एवढंच दिसतं, आणि डोंगराळ भागात त्या रेषांमधलं अंतर सहसा 10 मीटरचं. 30 मीटरचा निकष लावायचा असेल तर असा अंदाज कामाचा नाही.

सगळे डोंगर पुन्हा मोजायची गरज अर्थातच नाही. अर् विद्वा, म्हणजे स्नोडन, 1085 मीटर आहे. दोन मीटरचा फरक पडला तरी त्याचं स्थान हलत नाही. मोजायचे ते काठावरचे.

प्रत्यक्ष मोजणी कशी करतात?

माथ्याचं काम दोन भागांत होतं. आधी सर्वांत उंच जागा कोणती हे ठरवायचं, मग तिची उंची काढायची.

पहिल्या भागासाठी ऑटो लेव्हल, म्हणजे आडवी पातळी दाखवणारी तिपाईवरची दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे आकडे छापलेली लांब पट्टी, लागते. आपल्याकडे रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावर ज्यांनी लेव्हल लावली आहे, त्यांना यातलं काही नवीन नाही. तिपाई रोवायची, बुडबुडा मध्यावर आणायचा, आणि दुसऱ्याने पट्टी घेऊन माथ्यावरच्या एकेका उंच वाटणाऱ्या जागेवर उभं राहायचं. पट्टीवरचा आकडा जितका लहान, तितकी जागा उंच. एररीतल्या खडकाळ माथ्यांवर असे पाच-सहा दगड एकमेकांशी स्पर्धा करतात. डोळ्यांना जो उंच दिसतो तो बऱ्याचदा नसतो, कारण आपण जिथे उभे असतो त्याप्रमाणे नजर फसते. पट्टीमागचा माणूस पट्टी किंचित पुढेमागे डोलवतो आणि लेव्हलवरचा त्यातलं सर्वांत लहान वाचन टिपतो, कारण पट्टी अगदी उभी असते त्याच क्षणी आकडा सर्वांत लहान असतो.

मग येतो उपग्रहावर चालणारा रिसीव्हर. हा फोनमधला जीपीएस नव्हे, तर भूमापनाच्या दर्जाचं यंत्र. ते तिपाईवर किंवा छोट्या खांबावर बसवून ठरलेल्या दगडावर ठेवतात आणि तसंच राहू देतात. ऑर्डनन्स सर्व्हेने उंची मान्य करावी असं वाटत असेल तर दोन तास किंवा त्याहून जास्त. घरी आल्यावर त्या नोंदी ऑर्डनन्स सर्व्हेच्या स्थायी केंद्रांच्या त्याच वेळच्या नोंदींशी जुळवतात. अशी शंभराहून अधिक केंद्रं ब्रिटनभर आहेत. केंद्राची जागा नेमकी ठाऊक असल्यामुळे वातावरणातले आणि उपग्रहांच्या कक्षांमधले दोष बरेचसे निघून जातात, आणि उंचीतली अनिश्चितता काही सेंटीमीटरवर येते.

रिसीव्हर टोकदार दगडावर बसत नसेल तर शेजारी सपाट जागी ठेवायचा आणि दोन्हींमधला फरक लेव्हलने काढायचा. अँटेनाची दगडापासूनची उंची टेपने दोनदा, शक्य तर दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि वहीत लिहायची. उपग्रहांनी सेंटीमीटरपर्यंत दिलेलं सगळं एका चुकीच्या टेप-वाचनाने वाया जातं, आणि परत डोंगर चढावा लागतो. उरलेला वेळ वारा, पाऊस आणि गारठलेल्या बॅटऱ्या सांभाळण्यात जातो. वेल्समध्ये दोन तास कोरडे मिळाले तर ते नशीबच.

खिंड मोजायला काय वेगळं?

खिंड शोधणंच अवघड. खिंड म्हणजे एका दिशेने पाहिलं तर सर्वांत खालची आणि त्याला काटकोनात पाहिलं तर सर्वांत वरची जागा. दोन डोंगरांना जोडणाऱ्या धारेवर ती सर्वांत खाली असते, पण एका दरीतून चढून दुसऱ्या दरीत उतरताना तीच सर्वांत वर येते. वेल्समधल्या कित्येक खिंडी म्हणजे शेकडो मीटर पसरलेलं, गुडघाभर गवताचं दलदलीचं पठार. तिथे उभं राहून 'ही ती जागा' असं कोणालाही सांगता येत नाही. लेव्हल लावून धारेच्या दिशेने एक रांग आणि दऱ्यांच्या दिशेने एक रांग अशी वाचनं घेत जावं लागतं. खिंडीतून रस्ता किंवा रेल्वेसाठी खोदकाम झालं असेल तर मूळ जमीन किती उंच होती याचा शोध घ्यावा लागतो, कारण माणसाने खणलेला खड्डा डोंगराचा उठाव वाढवू शकत नाही.

मोबाइल किंवा घड्याळावरची उंची चालेल का?

वर्गीकरणासाठी नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा मोबाइलच्या उंचीत पाच-दहा मीटरची चूक सहज असते. दाबावर चालणारी घड्याळं आणखी फसवी, कारण दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ-नऊ मीटरने हलते, आणि तिथे हवा तासाभरात पालटते. जिथून निघालात आणि जिथे पोहोचलात त्यांतला ढोबळ फरक कळायला ती उत्तम आहेत.

'समुद्रसपाटीपासून' म्हणजे कोणत्या समुद्रापासून?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये न्यूलिन नावाचं बंदर आहे. मे 1915 ते एप्रिल 1921 या काळात तिथे भरती-ओहोटीच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांची सरासरी म्हणजे ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या उंच्यांचा शून्य. वेल्सचा प्रत्येक डोंगर त्या बंदरापासून मोजला जातो.

उपग्रहाला मात्र न्यूलिन ठाऊक नाही. तो एका गणिती लंबगोलापासून उंची देतो, आणि वेल्समध्ये हा आकडा समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासेक मीटरने जास्त येतो. तो फरक वजा करण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेने जिऑइडचं, म्हणजे समुद्रसपाटी जमिनीखालूनही पसरली आहे असं धरलं तर तिचा जो आकार होईल त्याचं, प्रतिमान तयार केलं आहे. आपल्याकडे हेच उलटं आहे. भारतात जिऑइड त्या लंबगोलाच्या खाली असल्यामुळे उपग्रहाचा कच्चा आकडा समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा कमी येतो. कळसूबाईवर एखाद्याच्या यंत्राने 1646 मीटरच्या बरीच खाली उंची दाखवली, तर यंत्र बिघडलंय असं समजण्याआधी ते कोणती उंची दाखवतंय हे तपासावं.

मोजणीमुळे खरोखर बदललेले डोंगर कोणते?

सगळ्यांत गाजलेला मनिद ग्राइग गोख. नांत्ले धारेच्या पश्चिम टोकाचा हा डोंगर नकाशावर 609 मीटर होता, म्हणजे 1998 फूट. 2000 फुटांना दोन फूट कमी. 2008 साली जॉन बर्नार्ड, ग्रॅहम जॅक्सन आणि मर्दिन फिलिप्स या तिघांनी तो मोजला आणि उंची निघाली 609.75 मीटर, म्हणजे 2000 फूट आणि वर सहा इंच. ऑर्डनन्स सर्व्हेने नोंदी तपासून ती मान्य केली, आणि डोंगर 2000 फुटी याद्यांमध्ये आला.

2010 मध्ये ग्लिडर वाउरची पाळी आली. नकाशावर 999 मीटर, मोजणीत 1000.8. तोवर वेल्समध्ये हजार मीटरवरची शिखरं चार धरली जात: अर् विद्वा, गार्नेद इगाइन, कार्नेद लेवेलिन आणि कार्नेद डाविद. ती पाच झाली.

त्याच वर्षी ट्रवॅनही मोजला. सुळक्यासारख्या या देखण्या डोंगराची छापील उंची 915 मीटर, म्हणजे 3000 फुटांच्या वर जेमतेम साठ सेंटीमीटर. अर्धा-पाऊण मीटर कमी भरला असता तर वेल्सच्या सगळ्यांत लाडक्या डोंगराचं नाव 3000 फुटी यादीतून काढावं लागलं असतं. तो 917.5 मीटर निघाला. ज्यांनी आवडत्या डोंगराला अशा परीक्षेला बसवायची तयारी दाखवली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. निकाल काय लागेल हे वर जाताना त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काही मिलिमीटरवर डोंगर पर्वत ठरू शकतो का?

2000 फुटांवरच्या डोंगराला पर्वत धरलं तर ठरला आहे, पण वेल्समध्ये नाही, इंग्लंडमध्ये. कंब्रिया परगण्यातला काफ टॉप 2010 साली मोजला तेव्हा 609.58 मीटर भरला, म्हणजे दोन सेंटीमीटर कमी. 2016 मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने जिऑइडचं सुधारित प्रतिमान आणलं, जुन्याच नोंदी त्यात घातल्या आणि उंची आली 609.606 मीटर. सहा मिलिमीटरने 2000 फुटांच्या वर.

डोंगर तसूभरही हलला नव्हता, शून्याची आपली समज सुधारली होती. मोजणीतली अनिश्चितता सहा मिलिमीटरपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे इथे खात्रीने काही सांगता येत नाही असा आक्षेप घेतात. तो रास्त आहे. तरीही यादी करणाऱ्याला कुठेतरी रेषा ओढावीच लागते, आणि सर्वांत चांगला उपलब्ध आकडा रेषेच्या ज्या बाजूला, त्या बाजूला डोंगर, हा नियम मला योग्य वाटतो. आकड्याशेजारी अनिश्चितता छापली की फसवणूक होत नाही.

यादीतून डोंगर बाहेरही पडतात का?

हो. खिंडीची नीट मोजणी झाल्यावर उठाव कमी भरला म्हणून नावं जातात, तशीच नवी येतात. वाईट वाटून घेऊ नये. यादीसाठी मोजणी करणाऱ्याने नाव घालायलाही आणि काढायलाही सारख्याच मनाने तयार असावं, नाहीतर त्याच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?

माथ्यावरची दगडांची रास उंचीत धरतात का?

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेली रास, ट्रिग पिलर, भिंत, इमारत यांतलं काहीच धरत नाहीत. नैसर्गिक जमीन किंवा मूळ खडक धरतात. पेच येतो तो प्राचीन दफन-राशींचा. पेन-अ-व्हॅनसारख्या कितीतरी माथ्यांवर कांस्ययुगातल्या राशी आहेत आणि त्या गवताखाली डोंगराशी एकजीव झाल्या आहेत. त्या धराव्यात की नाही याबद्दल याद्या करणाऱ्यांमध्येच मतभेद आहेत. कुठल्या बिंदूची उंची दिली हे स्पष्ट लिहिलं की निम्मा वाद मिटतो.

उलट प्रकारही होतो. उत्तर किनाऱ्यावरच्या पेन्मायन्माउरचा माथा दगडाच्या खाणीने कापून नेला. वर ब्राइख-अ-दिनास हा लोहयुगातला डोंगरी किल्ला होता, तोही गेला. किल्ल्यांवर जीव असणाऱ्या आपल्या लोकांना त्याची हळहळ वेगळी सांगायला नको.

आता लायडर आहे. मग वर चढायची गरज उरली का?

लायडर म्हणजे विमानातून लेसरचे ठिपके जमिनीवर मारून उंची काढणं. वेल्सभरची एक मीटर जाळीची आकडेवारी डेटामॅपवेल्स या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळते. गवताळ टेकड्या आणि पसरट खिंडींसाठी ती फारच मोलाची आहे. घरी बसून शेकडो डोंगर चाळता येतात आणि कोणता काठावर आहे ते दिसतं. पण मीटरभर जाळीत टोकदार खडकाचा नेमका शेंडा हुकतो आणि माथा थोडा बुटका येतो. दाट झुडपात, जंगलात जमीन कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं हेही ठरवावं लागतं. मी लायडरकडे गाळणी म्हणून पाहतो. त्यातून उरलेल्या काठावरच्या डोंगरांसाठी तिपाई खांद्यावर घ्यावीच लागते.

डोंगरांची नावं कुठून घेतात?

नकाशावरून, पण फक्त नकाशावरून नाही. लहान टेकड्यांना छापील नावच नसतं, किंवा शेजारच्या शेताचं नाव चुकून डोंगरावर पडलेलं असतं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातले धर्मकराच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या, आकारणीचे नकाशे पाहतात, कारण त्यांत शेताशेताची नावं नोंदलेली आहेत. आणि पिढ्यानपिढ्या तिथे मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना विचारतात. वेल्श बोलणारी म्हातारी माणसं जातील तशी ही नावंही जातील, म्हणून मला हे काम उंचीच्या मोजणीइतकंच निकडीचं वाटतं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

एक धागा आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात 1802 साली विल्यम लॅम्बटन यांनी केली. काम उत्तरेकडे सरकत असताना जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागे सूत्रं आली जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे, आणि एव्हरेस्ट कुटुंबाचं घर होतं वेल्समधल्या क्रिकहाउएलजवळच्या ग्वर्नवेलला. जगातल्या सर्वोच्च शिखराला त्यांचं नाव मिळालं ते त्यांच्या निवृत्तीनंतर.

मोजणीसाठी परवानगी लागते का?

मोकळ्या डोंगराळ भागात 2000 सालच्या कायद्याने पायी फिरायची मुभा आहे, आणि वेल्समध्ये ती मे 2005 पासून लागू झाली. बहुतेक उंच माथे त्यात येतात. खिंडी आणि कमी उंचीच्या टेकड्या मात्र पुष्कळदा कुंपणातल्या शेतात असतात. तिथे शेतकऱ्याचं दार वाजवून विचारावं. काय करताय हे सांगितलं की बहुतेक जण उत्सुकतेने ऐकतात, आणि डोंगराचं नाव विचारायचीही तीच वेळ. मेंढ्यांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे वसंतात, शक्यतो जाऊच नये.

मला सुरुवात करायची आहे. महागडं यंत्र घ्यावं लागेल का?

लगेच नाही. हातात धरायची साधी लेव्हल, ज्यात बुडबुडा पाहत समोरची जागा डोळ्याच्या पातळीत आहे का कळतं, ती स्वस्तात मिळते. आपल्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची नीट मोजा. खिंडीत उभे राहून वरची कोणती जागा डोळ्याच्या पातळीत येते ते हेरा, तिथे जाऊन उभे राहा, पुन्हा हेरा, आणि माथ्यापर्यंत किती टप्पे झाले ते मोजत जा. टप्पे गुणिले डोळ्याची उंची म्हणजे उठाव. साधारण 30 मीटर उठाव असलेली, लायडरची आकडेवारी उपलब्ध असलेली गवताळ टेकडी निवडा, आधी लायडरचा आकडा न पाहता मोजा आणि मग ताडून बघा. चढताना एकदा आणि उतरताना एकदा, असं दोन्हीकडून मोजा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर तिसऱ्यांदा मोजल्याशिवाय कोणाला कळवू नका.